याकूब मिस्त्रींची होडी

तीर्थपुरीत बैलगाडी बांधावी तर याकूब मिस्त्रींनीच! आता गाड्याच राहिल्या न्हाईत, ही गोष्ट वेगळी. म्हणून जेव्हा त्यांची लेक अंबरीन, गावच्याच शाळेत इतिहास शिकवणारी, एक दिवस म्हणाली की प्रदर्शनासाठी वायकिंगांची होडी पाहिजे, तेव्हा म्हातारा भलताच खुलला.

हजार वर्षांपूर्वी त्या उत्तरेकडच्या दर्यावर्दींनी होड्या कशा बांधल्या, ते ती चित्रांतून दाखवत गेली. खोड करवतीनं कापायचं न्हाई, पाचरी ठोकून फोडायचं. एका फळीची कड दुसरीवर चढवून लोखंडी खिळे मारायचे, फटीत डांबरात भिजवलेली लोकर कोंबायची. मिस्त्री मान डोलवत राहिले. "पक्के कारागीर थे ये लोगां!"

दोन महिने खपून बारा फुटांची होडी उभी केली. प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी पाझर तलावात सोडली, अन् घात झाला. फळ्याफळ्यांतून पाणी! काठावर जमलेला गाव हसू लागला. शाळा समितीचे अध्यक्ष भागवत पाटील तर पोट धरून हसले.

"मिस्त्री, पाहुण्यांसमोर शोभा करता का? काढा बाहेर अन् ठेवा मांडवात, नुसती दाखवायला."

अंबरीनचा चेहरा उतरला. मिस्त्रींच्या मस्तकात तिडीक गेली. दाखवायला? जन्मात एक गाडी दाखवायला बांधली न्हाई त्यांनी! त्यांनी होडीत दगड भरले अन् आपल्याच हातानं ती बुडवली. म्हातारा सणकला, असं लोक म्हणाले.

"पाटील, उन्हाळ्यात गाडीचं चाक खिळखिळं झालं की तुमचे वडील काय करायचे? नदीत बुडवून ठेवायचे ना? लाकूड पाणी पितं, फुगतं, मंग चाकाभोवतीची लोखंडी धाव घट्ट बसते. हिलाबी पिऊ द्या."

प्रदर्शनाच्या सकाळी दगड काढले, पाणी उपसलं. फळ्या अशा दाटून बसल्या होत्या की सांध्यात नख शिरेना. होडी डौलात तरंगली, आत थेंब न्हाई.

"माझ्या अब्बांनी बांधलीय!" अंबरीन सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाली. मिस्त्रींची छाती अभिमानानं फुगली. पायजमा वर खोचून ते होडीत चढले, वल्हं उचललं अन् थेट तलावाच्या मधोमध निघाले.

"अहो मिस्त्री, पोहता येतं का?" पाटील काठावरून ओरडले.

"बिलकुल न्हाई!"

"अहो, मंग?"

"मंग काय? बांधली कुणी?"