म्हशाच्या वाटेवरचा बंगला

माझं तोंड मोठं हाय, हे मुरबाडपासून सरळगावपर्यंत कुणालाही विचारा. अख्खा जन्म मी रस्त्याकाठच्या ओट्यावर काढला. येणाऱ्याजाणाऱ्याला "कुठं चाललास रे?" असं विचारल्याशिवाय मला भाकरी गोड लागली नाय. त्यात चौकशी नसते हो. आमच्याकडं माणूस दारावरून गेला नि कुणी विचारलं नाय, तर त्यालाच वाटतं, ह्यांचं नि आपलं काय बिनसलं?

मग रस्ता रुंद करायला काढला आणि आमचं घर त्यात गेलं. पोरगा हरेश बोलला, आई, कल्याणला या. पण त्याचा फ्लॅट हा एवढा उंच! खिडकीतून बघितलं की खालची माणसं मुंगीएवढी दिसतात. आणि तिथं विचारू कुणाला, कावळ्याला? शेवटी त्यानंच मुरबाडच्या बाहेर ही कॉलनी शोधली. खास म्हाताऱ्यांसाठी. बाथरूममध्ये धरायला दांडा, पडलं तर दाबायला बेल, डॉक्टर आतच, जेवण मेसचं. राहणारी सगळी ठाण्या-मुलुंडची पेन्शनवाली.

आमचा म्हातारा एसटीचा रिटायर डायवर. सगळे बारकू डायवर म्हणतात. जन्मभर इंजिनाशेजारी बसला, आता त्याच्या कानात इंजिन चालूच असतं, बंद म्हणून होत नाय. जेवताना मधेच कान दाबून बसतो. त्याला एकच पाहिजे होतं, जिथं हॉर्न ऐकू येणार नाय अशी जागा.

घर बघायला गेलो तो दिवस नेमका म्हशाच्या जत्रेचा, म्हसा गावचा मोठा बैलबाजार तो. साइटवरच्या पोरानं गल्लीतला शेवटचा बंगला दाखवला. "काका, रस्ता इथेच संपतो. पुढे काही नाही. एकदम शांत."

आणि त्याच्या पाठीमागून बैल चाललेले! शिंगं रंगवलेली, गळ्यात घुंगरमाळा, मागं बाया, पोरं, डोक्यावर गाठोडी. भिंत तेव्हा बांधली नव्हती. डोळखांबकडची माणसं जुन्या पायवाटेनं येऊन सरळ त्या गल्लीतून म्हशाला निघालेली. मी तर तिथंच उभ्या उभ्या सगळ्यांना विचारून घेतलं. म्हशाला चाललो आजी, म्हशाला. माझा जीव कसा हलका झाला! मनात बोलली, रस्ता संपतो म्हणे. ह्या पोराला काय कळतंय, माझे डोळे फुटलेत काय?

"शांत हाय," म्हातारा बोलला.

"वाहती वाट हाय," मी बोलली.

दोघांनी माना हलवल्या. हरेशला वाटलं, आईबाप जन्मात पहिल्यांदा एका मताचे झाले. बयाणा लगेच देऊन टाकला.

पाऊस सरल्यावर राहायला आलो, तर आमच्या दारापुढं भिंत. पुरुषभर उंच, पांढरीफेक. तिच्यात आमच्या ओट्याला लागून एक लोखंडी फाटक, तेही बंद. संडासाच्या टाक्या उपसणारी गाडी मागच्या अंगानं येते, तिच्यासाठी तेवढं उघडतं. म्हातारा डायवर, तिला रिव्हर्सला हात दाखवेल, म्हणून त्याची चावी कमिटीनं त्याच्याकडं दिली. सोबत ताकीदही दिली, गाडी सोडून कुणासाठी उघडायचं नाय.

माझं डोकंच फिरलं. "तुला माहीत होतं!"

"जत्रा रोज असते काय गो?" म्हातारा बोलला आणि खुर्ची टाकून बसला. किती तरी वर्षांनी त्याचा चेहरा सैल झालेला. तो बघितला नि मला अजूनच राग आला. त्याच्या सुखावर मी कशी ओरडू?

तरी ओरडलीच.

दिवस काय खायला उठायचा! घासलेली भांडी परत घासायची. खुर्ची पुढं ठेवायची, मागं न्यायची, परत पुढं आणायची. गेटपर्यंत जायची, वॉचमनशी भांडायची, परत यायची. सकाळी ही मंडळी बागेत गोल उभी राहून हसतात. विनोद नाय, काय नाय, नुसतं हा हा हा! एकदा शेजारची मुलुंडची बाई चपला घालून निघाली, मी हौसेनं विचारलं, "कुठं चाललात?" तिचं तोंड एवढंसं झालं. "का हो? काही काम होतं?" त्यानंतर ती मला बघून रस्ता बदलायची. ह्या गल्लीत बदलायला दुसरा रस्ता पण नव्हता, म्हणून घरातच थांबायची.

एक दिवस मी सांगून टाकलं. "म्हशाच्या जत्रेपर्यंत बघते. नाय करमलं तर भावाकडं सरळगावला जाते. त्याचं घर रस्त्याला हाय."

"आणि मी?"

"तू चल."

"तिथं ट्रक जातात गो दारावरून. माझं डोकं फुटेल."

"मग बस तुझ्या भिंतीकडं बघत."

तो खरंच खुर्ची भिंतीकडं फिरवून बसला. ते मला लागलं, पण मी माघार घेतली नाय. जत्रेच्या दिवशी सकाळीच दोन लुगडी, पितळेचा तांब्या नि औषधं बांधली, गाठोडं ओट्यावर आणून ठेवलं. दुपारी भाऊ जीप घेऊन येणार होता. म्हाताऱ्यानं चहा केला. माझ्या कपात साखर दोनदा टाकली बिचाऱ्यानं.

आणि घुंगरं वाजली.

आधी मला वाटलं, मलाच भास झाला. बघते तर गल्लीतून चार बैल येतात! वॉचमन चहाला गेलेला. पुढचा पांढरा बैल गेल्या वर्षीची वाट धरून सरळ आत घुसला आणि आमच्या दाराशी येऊन भिंतीला नाक लावून उभा राहिला. मागून धनी धावत आला, फेटा सुटलेला. नाव नवशा.

"कुठं चाललास रे?" माझ्या तोंडातून सुटलंच.

"म्हशाला, आजी! पण ही भिंत कधी झाली?"

तेवढ्यात सगळी कॉलनी गोळा झाली. कुणी मोबाइल काढला, कुणी नाकाला रुमाल लावला, कारण बैलानं गल्लीत शेण टाकलेलं. कमिटीचे साहेब ओरडायला लागले, "मागे घ्या! मेन रोडने जा!"

"मेन रोडला ट्रक हायत साहेब," नवशा बोलला. "मागचा जोड नवा हाय, बुजतो. सुटला तर संपलंच." पोराला हात लावावा तसा तो बैलाच्या पाठीवर हात फिरवत होता.

मी म्हाताऱ्याकडं बघितलं. घुंगरं, आरडाओरडा, सगळं त्याच्या कानाशी. त्यानं दोन्ही कान दाबलेले. मला वाटलं, आता आत जाऊन दार लावतो. गेला पण आत! माझी आशाच सुटली.

बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात चावी होती.

"बारकूराव, ते फाटक फक्त गाडीसाठी आहे!" साहेब बोलले.

"मग ही काय हाय? बिनचाकाची गाडीच की!" म्हातारा बोलला आणि कुलूप काढलं. मग डेपोत उभा असल्यागत हात वर केला. "येऊ दे! डावीकडं घे, डावीकडं! सावकाश!" एकेक बैल आमच्या ओट्याला घासत पलीकडं गेला. माझ्या अंगावर काटा आला. ह्या माणसाशी मी महिनाभर नीट बोलली नव्हती.

नवशा सगळ्यात शेवटी निघाला. फाटकात थांबला, माझं गाठोडं बघितलं नि बोलला, "आजी, तुमी कुठं चाललात?"

आता काय सांगू! लोकांना विचारून विचारून माझी जीभ झिजली, पण हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी कधी कुठं गेलीच नव्हती ना. डोळ्याला पाणी आलं. बाजूला म्हातारा खाली मान घालून कुलूप हातात फिरवत होता. त्याचे कान आता मोकळे होते.

"कुठं नाय रे," मी बोलली. "इथंच राहते मी. परत येताना पण इकडूनच या."

म्हाताऱ्यानं गाठोडं उचललं आणि आत नेऊन ठेवलं. फाटकाला कुलूप लावलं नाय. बाहेर येऊन परत कान चोळत बसला.

"जत्रेपुरतंच हां," तो बोलला.

"बघू," मी बोलली आणि खुर्ची ओढून फाटकाच्या तोंडाशी नेली.