पापणीवरचा ओलावा

खिडकीच्या काचेवर साचलेल्या धुळीतून सकाळचे ऊन आत येते, तेव्हा त्याला कसलीही घाई नसते. आधी ते हिरव्या पडद्याच्या काठावर रेंगाळते, मग सलाईनच्या बाटलीत शिरून थरथरते, आणि शेवटी चादरीवर उतरून, कोणी उठण्याची वाट पाहत असल्यासारखे, तिथेच बसून राहते. मित्रांनो, मी सोलापुरातल्या एका अतिदक्षता विभागातले जुने सोनोग्राफी यंत्र आहे.

तारुण्यात मी पोटातली बाळे दाखवली. आया माझ्याकडे पाहून हसायच्या. नवे यंत्र आले आणि मी कोपऱ्यात धूळ खात पडले. डॉक्टर इंद्रायणी यांनी मला इथे आणले. डोळ्यामागच्या नसेभोवती एक आवरण असते. मेंदूवरचा दाब वाढला की ते फुगते. मिटल्या पापणीवर जेल लावून, डोळ्यावर भार न देता, मी ते दाखवते.

त्या सकाळी खाटेवर सिद्धम्मा होत्या. मेंदूत रक्तस्राव झाला होता. मुलगा महेश्वर उशाशी उभा होता. आवरण कालच्याहून रुंद दिसले.

“औषधांनी दाब उतरत नाही,” डॉक्टर म्हणाल्या. “जेऊरच्या बहिणीला आजच बोलावून घ्या.”

“मॅडम, जरा हिकडं बघा की! अव्वा रडतीया. तिला समदं कळतंय.”

“ते जेल आहे, महेश्वर.”

“जेल तुमच्या मशीनला. माझ्या आईला मी वळखतो की! अक्का आली तर अव्वाच म्हणंल, पोरांची शाळा बुडवून कशाला आलीस गं?”

बहिणीचा फोन आला, तेव्हा तो म्हणाला, “बरी हाय. झोपलीया.”

दुपारी मला पुन्हा टेकवले. एकदा तरी खोटे दाखवता यावे, असे मला फार वाटले. आवरण आणखी फुगले होते. डॉक्टरांनी डोळ्यांवर टॉर्च धरला; बाहुल्या जराही आकसल्या नाहीत.

मित्रांनो, माझे काम झाले की रुग्णाच्या पापण्या हळुवार पुसत जा. तेवढ्याशा ओलाव्यावरही कोणीतरी आशा बांधून बसलेले असते.

त्या दिवशी त्या पापण्या महेश्वरनेच आपल्या रुमालाने पुसल्या. मग तो खाली वाकून बराच वेळ पाहत राहिला. त्या कोरड्याच राहिल्या. त्याने फोन लावला.

“अक्का, मिळंल त्या गाडीनं नीघ. अव्वा आता जागी व्हणार न्हाय.”