सात नंबरची ओढ

सात नंबरचा उंदीर नव्या मुलीचा तळहात चाटत होता आणि मावशी धुतलेलाच पिंजरा पुन्हा खसाखसा घासत होती.

प्रयोगशाळेतल्या पिंजऱ्यांची देखभाल मावशी एकोणीस वर्षं करत होती. त्या पांढऱ्या, गुबगुबीत सात नंबरचं नाव तिने ढब्बू ठेवलं होतं. आणि हा ढब्बू, संशोधनाला येऊन जेमतेम महिना झालेल्या पोरीच्या हातावर लोळत होता. सरांनीही ते पाहिलं. म्हणाले, पुढच्या गटापासून उंदीर हिनेच हाताळावेत, मावशींनी आता पिंजरे धुतले तरी पुष्कळ. वर हसून म्हणाले, तुमचाही भार हलका होईल. भार कसला डोंबलाचा!

प्रयोग साधा होता. दीड दिवस उंदरांचं पाणी काढून घ्यायचं. तेवढ्या वेळात लघवीवाटे अंगातलं मीठही जातं. मग दोन तास फक्त पाणी द्यायचं. तहान भागली की मिठाची ओढ वर येते. तेव्हा मिठाच्या पाण्याची बाटली लावायची आणि ती किती रिकामी होते ते वजन करून पाहायचं. मधल्या वेळात प्रत्येक उंदीर तराजूवर ठेवायचा. ढब्बूचं प्रेम उतू जायचं ते नेमकं तेव्हा.

दोन दिवस मावशीला जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी टेबल पुसताना तिला मुलीच्या वहीवर ओल्या तळव्याचा ठसा दिसला. पोरीच्या हातांना घाम सुटायचा! आणि मावशीचे हात दिवसातून वीसदा साबणाने धुतलेले, कोरडे ठणठणीत. म्हणजे प्रेमबीम काही नव्हतं, मीठ होतं. तिला इतकं हलकं वाटलं की फडकं हातातच राहिलं.

इथे थांबली असती तर बरं झालं असतं. पण पुढच्या फेरीला वजनाच्या वेळी सर दारात उभे होते. मावशीने त्यांच्या नकळत मिठाच्या दाट पाण्यात बोटं बुडवली आणि हात पिंजऱ्यात घातला. ढब्बू धावत आला. बोटांच्या बेचक्यासुद्धा त्याने सोडल्या नाहीत. सर म्हणाले, जुनी ओळख ती जुनीच. मावशी सुखावली, अगदी दहा मिनिटं.

मग बाटल्या लागल्या. बाकीचे उंदीर तुटून पडले. ढब्बू दोन घोट घेऊन बाजूला झाला. आकडा कुठेच बसेना. मुलीने बाटलीचं पुन्हा वजन केलं, पुन्हा केलं, मग रडवेल्या आवाजात सरांना म्हणाली की बाटली लावताना आपल्याच हातून काहीतरी चुकलं असणार. सरांच्या कपाळावर आठ्या चढल्या.

"तिचं काही चुकलं नाही," मावशी म्हणाली. "सात नंबरचा आकडा खोडा. त्याला मीठ मी चाटवलंय."

का, असं सरांनी विचारलं. मावशीने फडकं उचललं. या वयात उंदरावरून जळले, हे कोणत्या तोंडाने सांगायचं? सरांनी फार ताणलं नाही. सात नंबर प्रयोगातून बाद झाला, दोघींच्या हातात रबरी मोजे आले आणि उंदीर हाताळायचं काम त्या पोरीकडेच राहिलं.

संध्याकाळी बाद ढब्बूचा पिंजरा झाडताना मावशीने मोजा काढला. पाणी झालं होतं, मीठ झालं होतं, आता त्याला कुणाकडून काही नको होतं. म्हणूनच हात आत घालायची तिला भीती वाटली. तरी घातला.

ढब्बूने हात हुंगला. चाटला नाही. एक गिरकी घेतली आणि तिच्या मनगटाला पाठ टेकवून डोळे मिटले.

मागे मुलगी केव्हा येऊन उभी राहिली कोण जाणे.

"माझ्यापाशी नाही कधी असा झोपला," ती म्हणाली.

त्या आवाजात काय होतं ते मावशीने लगेच ओळखलं. तिने हात हलवला नाही. नुसती थोडी सरकली आणि पोरीला शेजारी स्टूल ओढायला सांगितलं.