शिलाईची जागा

ती गेल्याची बातमी पोचली तेव्हा हॉलमध्ये पाच बायका तिच्याच नावाने बोटं मोडत होत्या. गुरुवार म्हणजे गोधड्या शिवायचा दिवस. धारेची एकुलती एक कात्री तिच्याकडे, आणि तिचा पत्ता नाही. शेवटी म्होरक्या नर्सबाईंनी फोन लावला. "कुठे अडल्यात महाराणी? आम्ही काय दातांनी फाडायचं कापड?"

फोन तिच्या नवऱ्याने, फरशीवाल्याने उचलला होता. तो म्हणाला, "पहाटे झोपेतच गेली."

दीड महिना झाला. घरात तिची अर्धी गोधडी पडून होती. इस्पितळातल्या लहान मुलांच्या वॉर्डासाठी या बायका दरवर्षी बारा गोधड्या देत. त्यातली ही तिच्या वाटची. चार ओळी झाल्या होत्या, तीन बाकी होत्या. "भावोजी, द्या इकडे, एका दुपारचं काम," त्या पाचांतली चष्मेवाली म्हणाली होती. त्याने दिली नाही. तिच्या टाक्यांशेजारी दुसऱ्या बाईचे टाके त्याला नको होते. स्वतःचे कसे चालणार होते, ते त्यालाच ठाऊक.

चाळीस वर्षं लोकांच्या घरात फरशा बसवलेला माणूस. त्याने तिच्या जोडलेल्या ओळीतला एक चौकोन मापला, काटकोन जुळवायचा आपला गुण्या घेतला, आपले तीन जुने शर्ट उसवले आणि तिच्या कात्रीने एकवीस चौकोन कापले. केसभर इकडे नाही की तिकडे नाही. गुरुवारी पिशवी घेऊन हॉलमध्ये हजर.

नर्सबाईंनी एक चौकोन उजेडात धरला. "काय सफाई हो!"

त्याची छाती जरा फुगली.

"पण शिलाईची जागा कुठाय?"

"कसली जागा?"

"अहो, दोन तुकडे जोडताना दोन्हीकडची कड आत जाते. तुम्ही जोडलेल्या चौकोनाचं माप घेतलंत. तुमच्या ओळी आखूड पडणार."

"फरशी कुठे आत जाते?" तो पुटपुटला.

"थांबा, सिमेंट कालवते," चष्मेवाली म्हणाली, आणि टेबलभर हशा पिकला. त्यालाही हसू आलं. ते लपवायला तो उगीच पिशवीत काहीतरी शोधू लागला.

"तिने कधी सांगितलं नाही?"

"रोज सांगायची. ऐकत कोण होतं?"

"बघा! आता आणखी शर्ट आणा."

"अंगावरचा तेवढा उरलाय."

"काढा मग. आम्ही डोळे मिटतो."

"मी नाही मिटत," चष्मेवाली म्हणाली. "मला तसंही दिसत नाही."

शर्ट अंगावरच राहिला. नर्सबाईंनी सुई ओवून त्याच्या हातात दिली. त्याने तासाभरात दोन चौकोन जोडले. "भावोजी, हा टाका आहे की जिन्याची पायरी?" असं कोणीतरी विचारलं, पण उसवायला कोणी सांगितलं नाही. पुढच्या तीन गुरुवारांत तिन्ही ओळी झाल्या. तिच्या ओळींशेजारी त्या चांगल्या वीतभर आखूड भरल्या.

"कडेला पट्टी लावली की झालं," नर्सबाई म्हणाल्या. मग जरा हळू आवाजात, "तिचा तो निळा सुती गाऊन आहे ना? ज्यावर ती आमच्याकडे विरजण मागायला यायची?"

तो गोधडीची घडी घालत राहिला.

"पुढच्या गुरुवारी वॉर्डात द्यायच्यात. तेवढी कात्री मात्र विसरू नका. नाहीतर तुम्हालाही महाराज म्हणू."

त्या गुरुवारी अकरा गोधड्या गेल्या. वॉर्डातल्या सिस्टरनी बाराव्या गोधडीसाठी एक खाट धरून ठेवलीय म्हणे.

तिचं कपाट त्याने उघडलं आहे. गाऊन बाहेर काढून, धुऊन, टेबलावर पसरला आहे. गुण्या लावून पट्टी आखली आहे, या वेळी शिलाईची जागा सोडून. कात्री शेजारीच आहे. गाऊन अजून कापायचा आहे.