मऊ शॉकअप

"कडक हवेत की मऊ?" काउंटरमागच्या माणसाने विचारलं आणि माझं डोकंच फिरलं. मला काय ठाऊक! मी गाद्या-उशा शिवणारी बाई. कापूस, काथ्या, फोम, यातलं काय चांगलं ते विचारा, बोटाने दाबून सांगते. गाडीला शॉकअप कसले घालायचे हे आमच्या घरात मी कधी ठरवलंच नव्हतं. ते खातं नवऱ्याचं. गाडी आमची जुनी, कंपनीने कधीच बनवायची बंद केलेली, पण रोज रस्त्यावर. ह्याने तिला तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं. आता हा पाठीच्या कण्यात गाठ घेऊन तिच्याच मागच्या सीटवर आडवा असायचा आणि स्टिअरिंगला मी.

"दणकट द्या," मी म्हटलं. "जन्मभर टिकतील असे."

"मग हे गॅसचे न्या. ओझ्याच्या गाड्यांनाही घालतात. बघायला नको."

मीही शहाणी, बघितलं नाहीच.

रोज सकाळी मी ह्याला रुग्णालयात न्यायची. तिथे मशीनखाली झोपवून पाठीला किरणांचा शेक द्यायचे. डॉक्टर म्हणाले होते, गाठ काही जाणार नाही, पण शेकाने दुखणं कमी झालं तर झालं, फक्त मधे खंड पडू देऊ नका. त्यातलं "झालं तर झालं" मी ऐकलंच नाही. "खंड पडू देऊ नका" एवढंच पदराला बांधून घेतलं. पण रस्ता कसला! गोदामांच्या रांगेवरून जाताना ट्रकांनी पाडलेले एकेक खड्डे म्हणजे न्हाणीघरं. खड्डा आला की मागून किंकाळी. आणि किंकाळी संपते न संपते तोच निदान. "डावा शॉकअप बसलाय. ऐकलंस? चाकाच्या खालच्या आर्मचं रबरी बुश फाटलंय. खट्ट वाजलं ना, तेच." कण्हता कण्हता गाडीची तपासणी चालायची. मिस्त्रीला दाखवावं तर तो गाडीखालून बाहेर येऊन मान डोलवायचा. ह्याचं म्हणणं तंतोतंत खरं निघायचं.

मधे एकदा मी रुग्णवाहिका बोलावून पाहिली. त्यातही हा तसाच ओरडला. "ट्रकच्या स्प्रिंगा आहेत हिला, मारून टाकशील मला!" म्हणाला. झालं, पुन्हा आपली गाडी.

मग एक दिवस घरी पोचल्यावर हा भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "सोमवारपासून मी येत नाही."

"येत नाही म्हणजे?"

"ह्या गाडीतून नाही येत. जीव जातो माझा."

जेव्हा घाबरते तेव्हा मी भांडते, ही माझी जुनी खोड. मी भांडले, भांडी आपटली, तुला माझी काही पडलेली नाही म्हटलं. तो ढिम्म हलला नाही. शेवटी मी पलंगाच्या कडेला बसले. "बरं, गाडी नीट करून आणली तर येशील?"

त्याने मान वळवली. "आणशील?"

"अरे, आणते म्हणजे काय! पण मग कुरकुर नाही हं. शेवटच्या शेकापर्यंत यायचं."

"दिला शब्द," तो म्हणाला.

म्हणून मी त्या दुकानात. म्हणून ते ओझ्याचे शॉकअप. मिस्त्रीने बसवले तेव्हा तो काहीतरी पुटपुटला, मी म्हटलं तुम्ही आपलं काम करा. दुसऱ्या दिवशी गोदामांच्या पहिल्याच खड्ड्यात मला कळून चुकलं. गाडी खाली बसेचना! फळीवरून घसरत जावं तशी दणकत निघाली. मागे ह्याने टॉवेल तोंडात कोंबला होता. आरशात मला त्याचे डोळे तेवढे दिसत होते. किंकाळी आली असती तर बरं, असं वाटलं मला. शेक घेऊन परत आणलं तोवर त्याच्या अंगावरचा शर्ट पिळून काढण्यासारखा ओला झाला होता.

त्याला घरी निजवून, शेजारच्या मावशींना बसवून मी तडक मिस्त्रीकडे गेले.

"वहिनी, तुम्ही मला विचारलं कुठे?" तो म्हणाला. "हे भरलेल्या गाडीसाठी असतात. तुमच्या गाडीत माणसं दोन, त्यातलं एक तर पाप्याचं पितर..." आणि त्याने जीभ चावली.

"बोला, बोला! तुम्हीही बोला!"

"मला तसं म्हणायचं नव्हतं, वहिनी."

"मग मला मऊ पाहिजे. जगात असेल नसेल तेवढं मऊ. काय बदलायचं ते सगळं बदला. बुश, माउंटिंग, स्प्रिंग, सगळं. सोमवारी तो या गाडीत बसला नाही तर सगळा खेळ संपला. कळतंय का तुम्हाला?"

कळत होतं बिचाऱ्याला. त्याने गाडी जॅकवर घेतली आणि मी पुन्हा दुकानाच्या पायरीवर उभी राहिले. कंपनीचे मूळचे शॉकअप कुठेच मिळणार नाहीत म्हणून दुकानदाराने आधीच हात वर केले. मग आतून एक जोडी काढून आणली. साधे, तेलाचे, दुसऱ्याच कुणी बनवलेले. मी दांडा तळहाताने दाबून पाहिला. हळूच आत गेला, कुरकुर न करता. चांगला फोम असाच बसतो.

"मऊ आहेत," दुकानदार म्हणाला, "पण ताई, आधीच सांगतो, मागाहून भांडायला येऊ नका. हे लवकर जातात. फार तर एक वर्ष."

"वर्ष खूप झालं," मी म्हटलं.

तोंडातून गेलं ते गेलंच. तो खोक्याला दोरी बांधत होता, त्याच्या काही लक्षात आलं नाही. माझ्या मात्र आलं. काल जन्मभराचे मागणारी मीच ना! मी खोकं नीट बांधत नाही म्हणून त्याच्यावर उगाच खेकसले.

गॅरेजमध्ये मिस्त्री नव्या बुशचे बोल्ट आवळायला लागला तेव्हा मला राहवेना. मी ह्याला फोन लावला. म्हटलं, विचारून घ्यावं, आणखी एक चूक परवडायची नाही.

"काय चाललंय?" आवाज खोल गेलेला.

"बुश बसवलीत. आता आवळतायत."

"गाडी जॅकवर आहे?"

"हो."

"थांबव! थांबव त्याला!" असा ओरडला की मिस्त्रीच्या हातातला पाना थांबला. "चाकं लोंबकळत असताना बुश आवळायचं नसतं! गाडी खाली घे. चारी चाकं टेकू देत, आपल्या वजनावर उभी राहू दे, मग आवळ. नाहीतर रबर पिळलेलंच राहतं. फोन दे त्याच्याकडे."

मिस्त्रीने कान लाल होईस्तोवर ऐकून घेतलं. "चुकलं साहेब, घाईत होतो," म्हणाला, गाडी खाली घेतली आणि अरुंद जागेत पाठीवर सरपटत आत शिरला. आणि ह्याचं फोनवर चालूच. आधी कुठला बोल्ट, किती आवळ, मग एकदा गाडी हलवून बघ. जुना आवाज, आमच्या घरातला. कितीतरी दिवसांनी ऐकला मी तो. खोटं कशाला सांगू, त्या क्षणी मला वाटलं, हा बरा होणार.

सोमवारी हा गाडीत बसला. शब्दाचा पक्का. गोदामांचा रस्ता आला. पहिला खड्डा आला, गाडी नुसती खाली बसली आणि सावकाश वर आली. दुसरा, तिसरा. एक खट्ट नाही की दण्ण नाही. मला आनंदाने हसू फुटलं.

"काय रे! आहे की नाही?"

"मस्त," मागून आवाज आला. "गाडी मस्त झालीय."

मग रुग्णालयाच्या अलीकडचा रस्ता लागला. तो नवाकोरा, डांबरी, ताटासारखा सपाट. आणि त्या रस्त्यावर हा किंचाळला.

"काय झालं? कुठलं वाजलं? मला तर काहीच ऐकू आलं नाही. बुश का? उजवीकडचं? सांग ना, आत्ता फिरवते मिस्त्रीकडे!"

मी गाडी कडेला घेतली. हँडब्रेक ओढला, इंजिन बंद केलं, मागे वळले. गाडी उभी होती. पान हलत नव्हतं. आणि हा सीटची कड धरून कण्हत होता, अगदी तसाच, खड्ड्यात कण्हायचा तसा.

"कधीपासून?" मी विचारलं.

"बरेच दिवस झाले. घरीही असतं. तू झोपलीस की जास्त."

"मग गाडीचं नाव का घेत होतास रे? सोन्यासारख्या गाडीला शिव्या देत बसलास! मला का नाही सांगितलंस?"

"गाडीचं काहीतरी करता येतं गं," तो म्हणाला.

मला रडू कोसळलं. त्यानेच माझ्या खांद्याला बोटं लावली. "चल. उशीर होईल. शब्द दिलाय ना तुला, येतो मी शेवटपर्यंत."

रुग्णालयाचं फाटक समोर दिसत होतं. मी किल्लीला लावलेला हात तसाच राहिला. इतके दिवस मी ह्याला ओढत होते, आणि काय विचारायचं ते एकदाही विचारलं नव्हतं.

"घरी जायचंय तुला?"

त्याने डोळे उघडले. "चालेल?" म्हणाला.

चालेल! मला म्हणायचं होतं, नाही चालणार, मरेस्तोवर नाही चालणार. मी तोंड पुसलं, गाडी सुरू केली आणि वळवली. परतीच्या वाटेवर खड्डे सगळे जिथल्या तिथे होते. एकही लागला नाही, आणि हा रस्ताभर कण्हत होता.