बहिणीसाठी प्रार्थना

आमच्या बेटावर प्रवचन नुसतं सांगत नाहीत. ते बोलण्यात सुरू होतं, हळूहळू सुरात शिरतं, आणि सांगणारा पुरता तापला की खाली बसलेली एखादी बाई आपणहून भजनाची पहिली ओळ उचलते. मग सगळं चर्च तिच्यामागे जातं. पुरुष खालच्या सुरात, बाया वरच्या. आमच्याकडे ती पहिली ओळ बहुतेक मीच उचलते. माझ्या गळ्यात फारसं काही नाही. पण चांगलं प्रवचन कानावर पडलं की मला गप्प बसवत नाही. आमचे हे म्हणायचे, "तुला जेवायला नाही वाढलं तरी चालेल, प्रवचन वाढा."

माझ्या बहिणीचा मुलगा इसिलेली बोलायला उभा राहिला की मला सगळ्यात जास्त भरून येतं. सरपंच असो की कोळी, त्याच्या आवाजापुढे सगळ्यांचा माज गळतो. बहीण लवकर गेली. त्याला आणि त्याची बहीण लुसेआने हिला मीच वाढवलं. इसिलेलीला मिसरूड फुटायच्या आत त्याचं अंथरूण मागच्या खोपट्यात गेलं, सगळ्यांच्याच मुलांचं जातं तसं. तेव्हापासून भाऊ-बहिणीत जे अंतर पडलं ते रीतीचं अंतर. तो तिच्यासाठी जीव देईल. भुईच्या चुलीतून डुक्कर निघालं की पहिला चांगला वाटा तिचा. पण ती बसली असेल त्या खोलीत तो पाय पसरून बसणार नाही, आणि अंगाबद्दल, अंथरुणाबद्दल एक शब्द दोघांच्या मध्ये यायचा नाही. दुसरं कोणी चुकून थट्टेत तसं बोलू लागलं, तर जवळच्याने एवढंच म्हणायचं, "इथे भाऊ-बहीण आहेत." की तो विषय तिथेच मिटला.

म्हणूनच लुसेआने सुव्याच्या विद्यापीठात एवढं शिकली, तरी काय शिकली ते तिच्या सख्ख्या भावाला कधी कळलं नाही.

ती बोटीतून उतरली तेव्हा चॉकलेटच्या, चाफ्याच्या माळा तिच्या कानापर्यंत आल्या होत्या. धक्क्यावर इसिलेलीने गावाला ऐकवलं, "माझी बहीण आरोग्याची पंडित झाली!"

"कसल्या आरोग्याची रे?" कुणीतरी विचारलं.

"कसल्या म्हणजे? सगळ्या! तुझ्या गुडघ्याच्यासुद्धा!"

माणसं हसली. माळांच्या आडून लुसेआने माझ्याकडे बघत होती. तिचा सगळा अभ्यास गर्भाशयाच्या तोंडाच्या कर्करोगाचा होता. वेळेत तपासलं तर बाई वाचते, आणि आमच्या बाया तपासायला येत नाहीत. का येत नाहीत, हे तिने बेटाबेटांवर जाऊन, चटईवर बसून, एकेकीला बोलतं करून शोधलं होतं. तिची आई त्यानेच गेली. इसिलेलीला आम्ही "पोटात गाठ होती" एवढंच सांगितलं. दुसरं काय सांगणार?

पुढे नोकरी निघाली. बेटांवर फिरून बायकांना हे समजावायचं, तपासणीला आणायचं. जणू तिच्यासाठीच बेतलेली जागा. पैसा परदेशी संस्थेचा, म्हणून निवड करायला मार्गो नावाची एक गोरी डॉक्टरीण येणार होती आणि तिच्याबरोबर राजधानीचा एक साहेब. कागदावरची परीक्षा लुसेआने पहिल्या नंबराने पास झाली होती. उरली होती एकच गोष्ट. आपल्या गावात, आपल्या भाषेत, बायकांसमोर उभं राहून बोलून दाखवायचं. गोरीबरोबर तिची दुभाषी असणार होती.

आदल्या संध्याकाळी मी अळूची पानं निवडत होते, ती समोर बसून नारळ खवत होती.

"मावशे, एक काम कर. उद्या इसिलेलीला कुठेतरी पाठव."

"कुठे पाठवू?"

"कुठेही. मासे धरायला पाठव, कुंपण बांधायला पाठव. फक्त सभागृहाच्या जवळ नको."

"अगं, बायकांची सभा आहे म्हटल्यावर तो येईल कशाला?"

"येईल. अभिमानाने येईल. तोच तर त्रास आहे त्याचा."

मी इसिलेलीला बोलावून सांगितलं, पाहुण्यांच्या जेवणाला लांबच्या मळ्यातले कंद लागतील, उद्या उजाडताच खणायला जा. "पाहुण्यांसाठी? मग सगळ्यात जाड कंद आणतो, मावशी," म्हणाला. इतका गुणी. पहाटे पहार खांद्यावर टाकून तो गेलाही.

आणि सकाळच्या होडीने फिफिता आत्या उतरल्या.

फिफिता म्हणजे मुलांच्या बापाची थोरली बहीण. आमच्यात आत्याचा शब्द शेवटचा. भाच्याच्या घरातली चटई तिला आवडली तर ती उचलून नेते, आणि भाच्याने वर हसायचं असतं. आम्ही आईकडच्या, आम्ही वाढवायचं; मान आत्याचा. मी कधी त्याबद्दल मनात किंतु धरला नाही. त्या दिवशी मात्र धरला.

मळ्यात जाऊनच त्यांनी त्याला गाठलं.

"सख्ख्या बहिणीची सभा, परक्या देशाची बाई आलेली, आणि भाऊ चिखलात कंद खणतोय? लाज आहे का रे तुला?"

"मावशी म्हणाली, आत्या..."

"मावशी म्हणाली! सुरुवातीची प्रार्थना कोण करणार? तो बोबडा मास्तर? घरात असा गळा असताना? चल, अंघोळ कर."

मी सभागृहात आले तेव्हा इसिलेली पांढरा सदरा घालून, मानाच्या प्रसंगी नेसतात ती मोठी चटई कमरेला गुंडाळून पुढच्या खुर्चीवर बसलेला होता. बाकी एकही पुरुष आत नव्हता. राजधानीचा साहेबसुद्धा बायकांचं बोलणं म्हणून बाहेर आंब्याखाली गावकऱ्यांबरोबर मुळ्या कुटून केलेला कावा प्यायला बसला होता. आपल्या रीतीने तो शहाणा. आत गोरी डॉक्टरीण, तिची दुभाषी, चटया भरून गावातल्या बाया, आणि पहिल्याच चटईवर इसिलेलीची बायको लोसे. टेबलावर लुसेआनेने कापडाचं, कापूस भरून शिवलेलं गर्भाशय ठेवलं होतं, आणि त्यावर झाडाची साल कुटून केलेलं कापड झाकलं होतं.

मी आत्यांच्या कानाशी गेले. "आत्या, प्रार्थना झाली की त्याला बाहेर जाऊ द्या."

"का?"

"बायकांचं बोलणं आहे."

"तो प्रवचनकार आहे. बायकांच्या प्रत्येक सभेला बसतो. तुझ्या रताळ्याच्या बैठकीलासुद्धा बसला होता."

"हे रताळ्यांचं नाही हो."

"मग कशाचं आहे? बोल ना!"

इसिलेली हाताच्या अंतरावर बसलेला. माझ्या तोंडून 'गर्भाशय' कसं निघणार? मी इतकंच म्हटलं, "बायकांच्या अंगाचं."

"अंगाचं म्हणजे आरोग्याचं. तेच तर शिकलीय ती!" आत्या मोठ्याने म्हणाल्या. "तू बस खाली. आणि इसिलेली, तू कुठे हलू नकोस. शेवटची प्रार्थनाही तुझीच."

मी तरी त्याच्याजवळ वाकले. "बाळा, बाहेर साहेब एकटे पडलेत, जरा सोबत दे."

"साहेबांभोवती निम्मा गाव आहे, मावशी," तो हसून म्हणाला. "आणि आत्यांनी सांगितलंय."

त्याने प्रार्थना केली. देवा, काय ती प्रार्थना! "हिची आई आज हवी होती," असं म्हणताना त्याचा आवाज फाटला आणि तसाच सुरात चढला. बाया रडू लागल्या. गोरीला एक शब्द कळत नव्हता, तिचेही डोळे भरले. आणि मी पहिली ओळ उचलली. सवयीने, प्रेमाने उचलली. सगळं सभागृह गायलं.

मग लुसेआने उभी राहिली. गोरीने मान हलवून सुरू कर म्हणून खूण केली. लुसेआनेने सालीच्या कापडावर हात ठेवला, ते उचललं नाही. तिने भावाकडे पाहिलं नाही. पाहायची गरजच नव्हती. तो तिच्या उजव्या हाताला, ताठ बसून, हात जोडून ऐकत होता.

"आयांनो," ती म्हणाली, "आपल्या बायकांच्या अंगात एक जागा असते, तिथे—"

मागच्या चटईवरची म्हातारी साळे, डोळ्यांनी अधू, कानाने तिखट, जन्माच्या सवयीने बोलून गेली, "इथे भाऊ-बहीण आहेत."

झालं. झाकण बसलं.

इसिलेलीने काय केलं असेल? त्याला वाटलं, बायांपैकी कोणीतरी आपल्या बहिणीसमोर वंगाळ बोलायला निघालं होतं. त्याने मागे वळून सगळ्या चटयांवर अशी कडक नजर फिरवली, की पोरीसोरी पंख्याआड गेल्या. मग खुर्ची थोडी पुढे ओढून तो बहिणीच्या आणखी जवळ बसला. राखणीला.

आता तो दोरीने ओढला असता तरी उठला नसता.

लुसेआनेचा हात कापडावर तसाच होता. कुठल्या तरी चटईवर पंखा हलायचा थांबला. गोरीने दुभाषीला काही विचारलं. दुभाषी आमच्याच बेटांची, तिने खाली पाहिलं. मग लुसेआने बोलायला लागली.

"पाणी उकळून प्यावं," ती म्हणाली. "जेवायच्या आधी हात साबणाने धुवावेत. मुलांची नखं कापावीत."

शाळेतल्या पहिलीच्या वर्गात सांगतात ते सगळं तिने सांगितलं. एवढा अभ्यास केलेली पोर. बायांना कळत होतं. त्या माना खाली घालून, जणू मयताच्या घरी बसाव्यात तशा बसल्या होत्या. फक्त आत्या अभिमानाने चहूकडे बघत होत्या, आणि इसिलेली प्रत्येक वाक्याला "खरं आहे, खरं आहे" म्हणत होता, जसं प्रवचनाला म्हणतात. शेवटची प्रार्थना त्याने केली. कापड शेवटपर्यंत उचललं गेलं नाही. पहिल्या चटईवरून लोसे त्या कापडाकडेच बघत बसली होती.

सभा संपल्यावर मार्गोने लुसेआनेला बाजूला घेतलं. मी पेले गोळा करत जवळच होते. त्यांचं इंग्रजी मला अर्धं कळलं, उरलेलं लुसेआनेने नंतर सांगितलं.

"तुला एवढं येतं. मग हात धुणं का सांगितलंस?"

"माझा भाऊ बसला होता."

"पण तो किती छान आहे! तुझ्यासाठी किती मनापासून प्रार्थना केली!"

"हो," लुसेआने म्हणाली.

"आणि इथल्या प्रत्येक गावात कुणाचा ना कुणाचा भाऊ असणार. तू काय करशील?"

"त्यांना आधी बाहेर पाठवीन. तेच तर मी लिहिलंय."

"आज तर पाठवला नाहीस."

 का, ते सांगायला आत्यांपासून सुरुवात करावी लागली असती.

नोकरी न्यूझीलंडच्या एका पोरीला मिळाली. भली आहे, हसरी आहे. दुभाषी घेऊन गावोगाव हिंडते. बाया जमतात, तिने आणलेली बिस्किटं खातात, तिच्या उच्चारांना हसतात आणि घरी जातात. तपासायला कोण गेलं, ते मी अजून ऐकलं नाही. साहेब दयाळू माणूस. त्याने लुसेआनेला दुसरी जागा दिली, डासांच्या खात्यात. नारळाच्या करवंट्यांत पाणी साचू देऊ नका, टाक्यांना जाळी लावा, हे सांगत फिरायचं. सुव्याहून एवढं शिकून आलेल्या पोरीची ही पहिली नोकरी.

इसिलेलीला आभाळ ठेंगणं झालं. आता त्याला बहिणीला विचारता येतं. जेवताना, अंगणाच्या त्या टोकाला बसून, तो हाक मारून विचारतो, "लुसेआने, नर चावतो की मादी?"

"मादी."

"ऐकलंत? मादी!" तो सगळ्यांना सांगतो. मी त्या दोघांना लहानपणानंतर इतकं बोलताना पाहिलं नव्हतं. डासांवर लुसेआने बोलतेही सुरेख. परवा त्याच सभागृहात बोलली, इसिलेली पहिल्या रांगेत होता. टाळ्या पडल्या. घरी येऊन ती मला म्हणाली, "बघ मावशे, जमतं मला. विषय तेवढा भावाला ऐकवण्यासारखा हवा." आणि हसली. तिचं ते हसू मला आवडलं नाही.

गेल्या रविवारी इसिलेलीने चर्चमध्ये बहिणीच्या नोकरीचं आभार-प्रवचन केलं. विषय घेतला पाण्याचा. खडकावरचं उथळ पाणी खळखळ करतं, म्हणाला, आणि खडकापलीकडचं खोल पाणी गप्प असतं. गोऱ्या बाईसमोर माझ्या बहिणीने आपल्या विद्येचा तोरा मिरवला नाही. लहान मुलालाही कळेल एवढंच बोलली. म्हणून त्यांनी तिला नाकारलं, आणि म्हणून देवाने तिला उंच केलं. "तुमच्यापैकी किती जणांना असं गप्प राहता येईल?" असं विचारताना त्याचा आवाज सुरात शिरला, चढला, छपराला जाऊन लागला. इतकं रसाळ प्रवचन त्याने आजवर केलं नव्हतं. आत्या धाय मोकलून रडत होत्या. माणसं "खरं आहे" म्हणून ओरडत होती.

लुसेआने माझ्या शेजारी बसली होती, पंखा मांडीवर ठेवून. पलीकडे लोसे. ती पोटावर हात दाबून, किंचित वाकून बसली होती. गेल्या काही दिवसांत ती तशीच बसते, माझी बहीण शेवटी बसायची तशी.

मग तो थांबला. आता खालून ओळ उचलायची वेळ होती. तो माझ्याकडे बघत होता, लहानपणापासून बघतो तसा, विश्वासाने. सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. पोराने आपल्या परीने तिळमात्र पाप केलेलं नव्हतं, हे देवाला ठाऊक आहे, मलाही ठाऊक आहे.

माझा गळा उघडला नाही.

शेवटी मागून म्हातारी साळेने ती ओळ उचलली, आणि सगळे गाऊ लागले.