बैलाच्या शिंगावरचा नवस

याकोवोस न्हाव्याने स्वतः रंगवलेलं ते चित्र माझ्या नावाच्या संतिणीच्या सणादिवशी आणून दिलं, "टांग कुठंही," म्हणाला आणि कॉफीसुद्धा न घेता पळाला. बासष्टाव्या वर्षी माणूस इतक्या जोरात पळू शकतो हे मला ठाऊक नव्हतं.

मी ते माझ्या कॉफीघराच्या मोठ्या भिंतीवर टांगलं. चित्र आरियाद्नेचं. बैलाच्या तोंडाच्या राक्षसाला मारून भुलभुलैयातून सुटायला तिने थिसियसला दोरा दिला, आणि तो पठ्ठ्या तिला इथंच, आमच्या नाक्सोस बेटाच्या किनाऱ्यावर झोपलेली सोडून जहाजात बसून चालता झाला. याकोवोसची आरियाद्ने मात्र कॉफीच्या तबकात झोपली होती. समुद्र न्हाव्याच्या फडक्यासारखा घडी घालून ठेवलेला. भुलभुलैयातल्या बैलाला तोंडाच्या जागी आरसा, आणि शिंगांवरून लाल दोऱ्यात लोंबणारे चांदीचे छोटे पत्रे: डोळा, पाय, कान, होडी.

माझाही थिसियस वीस वर्षांपूर्वी मेलबर्नला गेला. तिकडून पुढे घटस्फोटाचे कागद तेवढे आले. म्हणून मला कळायला हवं होतं, की तबकातली बाई मीच का, आणि असेन तर याकोवोसला म्हणायचंय काय. विचारायची छाती नव्हती. एकावन्नाव्या वर्षी असला अंदाज चुकला तर तोंड लपवायला बेट अपुरं पडतं.

रविवारी चर्च सुटल्यावर सगळे चित्रापुढे जमले. अथेन्सहून सुट्टीला आलेल्या प्राध्यापकबाईही होत्या. त्यांनी चष्मा सारखा केला.

"हा डोळा म्हणजे मनाची जाग. हा सुटा पाय म्हणजे अडलेली इच्छा..."

"अहो बाई, तो डोळा माझा आहे," फ्लोरामावशी म्हणाली. "मोतीबिंदूच्या वेळचा. भोक तिरकं पडलंय बघा. मीच मारला होता खिळा."

"आणि इच्छाबिच्छा काही अडलेली नाही," नीकिफोरोस मागून ओरडला. "तो पाय माझा! मोडला होता डावा, पण दुकानात उजवाच शिल्लक होता. मरियामातेनं घेतला चालवून."

"म्हणून तर अजून लंगडतोस!"

मग काय, एकच झुंबड उडाली. चर्चमध्ये मरियामातेच्या तसबिरीपुढे जे दुखतं-खुपतं त्याच्या आकाराचे नवसाचे पत्रे आम्ही बांधतो, ते याकोवोसने पोच्याखाचांसकट चित्रात उतरवले होते. प्रार्थनेला पहिल्या बाकावर बसून हा माणूस इतक्या भक्तीने का बघतो, ते आत्ता उमगलं. जो तो आपापला अवयव शोधू लागला. प्राध्यापकबाईंनी मनाची जाग गुंडाळून ठेवली आणि वही काढून कोणाचं काय दुखत होतं ते लिहून घ्यायला सुरुवात केली. मोठ्या खुशीत होत्या.

"आणि हा कोणाचा?" त्यांनी अगदी खालच्या पत्र्यावर बोट ठेवलं.

फितीने एकमेकांना बांधलेले दोन मुकुट. लग्नात नवरानवरीच्या डोक्यावर ठेवतात तसे.

"हा चर्चमध्ये नाहीच," मी म्हणाले. "दर शनिवारी पत्रे मीच पुसते. एकतीस आहेत. मुकुट एकही नाही."

बोलून गेले आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते. सगळ्यांच्या माना दाराकडे वळल्या. दारात याकोवोस स्वतःचे बूट निरखत उभा होता. कान लालबुंद.

"अगं आनेझीना, थिसियस गेल्यावर पुढं काय झालं ते विसरलीस का?" फ्लोरामावशी म्हणाली. "दारूचा देव आला आणि तिच्याशी लग्न लावलं. आता आमचा हा देव दारू पीत नाही, एवढीच काय ती अडचण."

"पितो की," याकोवोस पुटपुटला. "सणावाराला."

मी आवाज चढवला. "चित्रात चूक आहे एक."

त्याचा चेहरा उतरला. "कुठली?"

"बाई झोपलीय. झोपलेल्या बाईला कोणी असलं काही विचारतं का? जा, ब्रश घेऊन ये. आधी डोळे उघड तिचे."

तो पुन्हा पळाला, पण या वेळी परत येण्यासाठी. अंगावर रविवारचा सदरा तसाच, हातात ब्रश. पहिला डोळा उघडला तो चांगलाच तिरका.

"हाही माझ्यावरच गेलाय," फ्लोरामावशी म्हणाली.

मी कॉफीचं भांडं विस्तवावर ठेवलं होतं. ते उतू गेलं तरी कोणाचं तिकडं लक्ष नव्हतं, माझं तर नव्हतंच. दुसरा डोळा पुरा व्हायच्या आत मी हो म्हणून टाकलं.